लाल शाईच्या नोंदींवरून झालेली सेवामुक्ती इतक्या वर्षांनी बदलून घेता येते का?

प्रश्न : सोलापूरची लेक

नमस्कार. माझे वडील जून १९९८ मध्ये सैन्यात शिपाई म्हणून भरती झाले आणि सप्टेंबर २०११ मध्ये त्यांना सेवामुक्त करण्यात आले. त्यांच्या डिस्चार्ज बुकात कारण म्हणून आर्मी रूल १३(३), तक्ता तीन, कलम पाच लिहिलेले असून पुढे ‘सेवा आवश्यक राहिली नाही’ अशा अर्थाचा शेरा आहे. कंडक्ट शीटवर, म्हणजे शिक्षा नोंदवण्याच्या कागदावर, लाल शाईच्या चार नोंदी होत्या, हे त्यामागचे खरे कारण. त्यांतील तीन नोंदी रजा संपल्यावर उशिरा हजर झाल्याबद्दल आहेत आणि एक मद्यपानाची आहे.

रजेच्या तीन नोंदींपैकी पहिली २००३ सालची आहे. त्या वर्षी आमच्या मंगळवेढा भागात दुष्काळ इतका तीव्र होता की जनावरे चारा छावणीत होती, आणि त्यातच आजोबा सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात दाखल होते. वडिलांनी युनिटला तार केली होती, असे ते आजही सांगतात. दुसऱ्या नोंदीच्या वेळी आजोबा वारले. तिसऱ्या नोंदीविषयी आणि मद्यपानाविषयी ते फारसे बोलत नाहीत, आणि मीही खोदून विचारलेले नाही.

आज ते चिंचोळीच्या एमआयडीसीत रात्रपाळीला पहारेकरी म्हणून काम करतात. पेन्शन नाही. मध्यंतरी माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या एका जागेसाठी त्यांनी अर्ज केला होता. तेथील कर्मचाऱ्याने डिस्चार्ज बुक उघडून पाहिले आणि ‘तुम्ही या व्याख्येत बसत नाही’ असे सांगून कागद परत दिले. त्या दिवसापासून त्यांनी ते पुस्तक कपाटात ठेवले आहे आणि त्याविषयी बोलणे टाळतात.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सेवामुक्तीचे कारण बदलून घेण्यासाठी अर्ज करता येतो का? केलाच, तर पेन्शनची काही शक्यता उरते का? आणि तो अर्ज कसा लिहावा? मी एक मसुदा तयार केला आहे. त्यात वडिलांच्या वतीने झाल्या चुकांबद्दल क्षमा मागितली आहे आणि घरची परिस्थिती सविस्तर लिहिली आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : माजी हवालदार (लिपिक), पंढरपूर

ताई, माझी बरीचशी नोकरी कागदपत्रांच्या कामातच गेली असल्यामुळे आधी कागदांविषयीच सांगतो, कारण या प्रकरणाचा निकाल शेवटी कागदांवरच लागणार आहे.

प्रथम एका बाबतीत दिलासा घ्या. सैन्यातून शिस्तभंगावरून बाहेर पडलेल्या माणसाला लोक सरसकट ‘काढून टाकलेला’ म्हणतात, परंतु बडतर्फी आणि सेवामुक्ती यांत कायद्याने फार मोठे अंतर आहे. कोर्ट मार्शलच्या शिक्षेने किंवा आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम २० खाली बडतर्फ झालेला माणूस साधारणपणे आधीच्या सर्व सेवेचे पेन्शन आणि ग्रॅच्युइटी गमावतो, आणि त्याला काही मिळायचेच असेल तर ते अपवाद म्हणून, राष्ट्रपतींच्या विवेकाधिकारात मिळते. तुमच्या वडिलांना बडतर्फ केलेले नाही. ते आर्मी रूल्स, १९५४ च्या नियम १३ खाली सेवामुक्त झाले आहेत, आणि अशा सेवामुक्तीने पेन्शन किंवा ग्रॅच्युइटीची पात्रता आपोआप जात नाही. त्यांना पेन्शन न मिळण्याचे थेट कारण म्हणजे शिपायाच्या पेन्शनला लागणारी १५ वर्षांची पात्र सेवा भरली नाही, हे आहे. ग्रॅच्युइटी आणि ग्रुप इन्शुरन्सचे पैसे २०११ साली मिळाले होते का, हे त्यांना जरूर विचारा. नसतील मिळाले, तर तो स्वतंत्र विषय आहे आणि त्याचा पाठपुरावा लगेच करता येईल.

आता लाल शाईविषयी, कारण सैन्याबाहेरच्या वाचकांना ही गोष्ट माहीत नसते. कमांडिंग ऑफिसरने कलम ८० खाली दिलेल्या शिक्षा जवानाच्या कंडक्ट शीटवर चढवल्या जातात. किरकोळ शिक्षा काळ्या शाईत आणि कोठडी किंवा सक्तमजुरीसारख्या गंभीर शिक्षा लाल शाईत लिहिण्याची पद्धत आहे. चार लाल नोंदी झाल्या की त्या जवानाला ‘अवांछनीय’ ठरवून सेवामुक्त करण्याचा प्रस्ताव पुढे जाऊ शकतो. मी ‘जाऊ शकतो’ असे जाणीवपूर्वक लिहितो आहे, कारण युनिटांमधून ‘चार झाल्या की घरी’ असाच समज पसरलेला असतो आणि जवानांनाही तो खरा वाटतो. लष्कर मुख्यालयाचे २८ डिसेंबर १९८८ चे पत्र वेगळे सांगते. चार नोंदी झाल्या म्हणून सेवामुक्ती बंधनकारक नाही, प्रत्येक नोंद कोणत्या अपराधाची आहे याचा विचार झाला पाहिजे, पेन्शनला पोहोचत आलेल्या जवानाशी कठोरपणे वागू नये, त्याची दीर्घ सेवा आणि खडतर ठिकाणच्या नेमणुका लक्षात घ्याव्यात, आणि प्रस्तावापूर्वी निष्पक्ष प्राथमिक चौकशी व्हावी, असे त्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे. तुमच्या वडिलांची तेरा वर्षे झाली होती. ते सियाचीनला, काश्मीरमध्ये किंवा ईशान्येकडे होते का, याचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे.

म्हणून पहिले काम असे करा. वडिलांच्या रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस कोणते ते डिस्चार्ज बुकावर लिहिलेले असेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला. तेथील जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज पाठवा. अर्ज वडिलांच्या स्वतःच्या नावाने आणि त्यांच्याच सहीने असू द्या. मुलीच्या नावाने पाठवल्यास ‘त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती’ म्हणून तो नाकारला जाण्याची शक्यता असते, आणि त्यात विनाकारण वेळ जातो. सोबत दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणि डिस्चार्ज बुकाची प्रत जोडा. अर्जात शीट रोल (सेवेच्या नोंदींचा कागद), कंडक्ट शीट, चारही शिक्षांचे आदेश, कारणे दाखवा नोटीस, तिला दिलेले उत्तर, प्राथमिक चौकशीची कार्यवाही, कमांडिंग ऑफिसरची शिफारस, ब्रिगेड कमांडरचा मंजुरीचा आदेश, रजेच्या नोंदी आणि वैद्यकीय कागद यांच्या प्रती वेगवेगळ्या नावांनिशी मागा. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे मोघम लिहिले की उत्तरही मोघमच येते. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा.

हे काम लवकर करा. पेन्शन नसलेल्या जवानांची सेवापत्रे साधारण २५ वर्षे ठेवून नंतर नष्ट केली जातात. तुमच्याकडे अजून वेळ आहे, परंतु उगाच दवडण्याइतका नाही.

उत्तर : ॲडव्होकेट, पुणे

वरील उत्तर मोलाचे आहे. कायद्याची बाजू मी मांडतो.

मूळ आदेशाला आव्हान देण्याची जागा म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा यांच्यासाठी त्याचे प्रादेशिक खंडपीठ मुंबईत आहे, आणि सेवेतून बाहेर पडलेली व्यक्ती आपल्या राहत्या ठिकाणच्या खंडपीठाकडे अर्ज करू शकते. म्हणजे वडील कोठेही नोकरीला असले, तरी सोलापुरात राहत असल्यामुळे त्यांना मुंबईतच दाद मागता येईल. सेवामुक्ती हा सेवाविषयक वाद असल्याने अर्ज कलम १४ खाली होईल. कोर्ट मार्शल झाले असते तर कलम १५ खाली अपील करावे लागले असते.

ज्या निकालावर अशी बहुतेक प्रकरणे उभी राहतात तो सर्वोच्च न्यायालयाचा वीरेंद्र कुमार दुबे विरुद्ध चीफ ऑफ आर्मी स्टाफ हा ऑक्टोबर २०१५ चा निकाल होय. त्यातही चार लाल नोंदींवरून सेवामुक्ती झाली होती. न्यायालयाने १९८८ च्या पत्रातील कार्यपद्धती पाळणे आवश्यक मानले आणि चौकशीशिवाय, केवळ नोंदींची संख्या मोजून काढलेला आदेश टिकू दिला नाही. त्यानंतर त्या जवानाला पुन्हा नोकरीवर घेण्याऐवजी, पेन्शनला लागणारी सेवा पूर्ण होईपर्यंत तो सेवेत होता असे मानून त्याला पेन्शनचा लाभ देण्यात आला. मागचा पगार मात्र मिळाला नाही. २०१६ च्या विजय शंकर मिश्रा प्रकरणातही न्यायालयाने याच दिशेने निर्णय दिला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. आदेश रद्द झाला आणि तेरा वर्षांची सेवा अशा रीतीने पंधरा वर्षांची मानली गेली, तरच पेन्शन मिळू शकते. पेन्शनच्या नियमांत कमी पडलेली सेवा माफ करण्याची तरतूद आहे खरी, परंतु ती जास्तीत जास्त बारा महिन्यांची आहे. त्यात रजा ओलांडून गैरहजर राहिलेला काळ सहसा पात्र सेवेत धरला जात नाही, म्हणजे वडिलांची प्रत्यक्ष पात्र सेवा सव्वातेरा वर्षांपेक्षाही थोडी कमी भरेल. त्या वाटेने पंधरापर्यंत पोहोचता येणार नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण केवळ अनुकूल निकाल सांगून एखाद्या कुटुंबाच्या आशा वाढवणे मला योग्य वाटत नाही. २०१९ च्या सतगुर सिंग प्रकरणात त्याच सर्वोच्च न्यायालयाने वारंवार गैरहजर राहणाऱ्या जवानाची सेवामुक्ती कायम ठेवली. १९८८ च्या पत्रातील चौकशी म्हणजे साक्षीपुरावे घेऊन चालणारी संपूर्ण विभागीय चौकशी नव्हे, नोटीस देऊन, उत्तर विचारात घेऊन न्याय्य रीतीने निर्णय झाला असेल तर ते पुरेसे आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. त्यामुळे तुमच्या वडिलांना नोटीस मिळाली होती का, त्यांनी उत्तरात काय लिहिले, आणि त्या उत्तराचा विचार झाल्याचे आदेशावरून दिसते का, या तीन प्रश्नांवर सारे अवलंबून राहील. उत्तरात आजोबांच्या आजाराचा उल्लेख असेल आणि आदेशात त्याविषयी एक अक्षरही नसेल, तर ती तुमची सर्वांत भक्कम बाजू ठरेल. उलट ‘मला काही सांगायचे नाही’ असे लिहून त्यांनी सही केली असेल, तर काम अवघड होईल, आणि दुर्दैवाने अनेक जवान तसेच लिहून देतात.

विलंब हा याहून मोठा अडसर आहे. न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत सहा महिन्यांची आहे. पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो, परंतु प्रत्येक टप्प्याचे स्पष्टीकरण द्यावे लागते. तरसेम सिंग या २००८ च्या निकालाचा आधार घेऊन ‘पेन्शनमध्ये उशीर आडवा येत नाही’ असे अनेक जण सांगतात. त्या निकालाचा फायदा, पेन्शनचा हक्क आधीच आहे आणि दर महिन्याला ते चुकीने नाकारले जात आहे, अशा प्रकरणांना होतो, आणि तेथेही थकबाकी साधारणपणे मागील तीन वर्षांपुरतीच मिळते. तुमच्याकडे आधी २०११ चा एक ठराविक आदेश रद्द करून घ्यावा लागणार आहे. तो आदेश बाजूला सारल्याशिवाय पेन्शनचा हक्कच निर्माण होत नाही. म्हणून या निकालावर भिस्त ठेवून बसू नका. तसेच आज नवा अर्ज करून त्यावर येणाऱ्या नकारामुळे जुनी मुदत पुन्हा सुरू होईल, हाही समज चुकीचा आहे. लष्कराकडे अर्ज करावा तो उपलब्ध उपाय आधी वापरून पाहण्यासाठी, कारण न्यायाधिकरण सहसा तशी अपेक्षा ठेवते.

तुमच्या मसुद्याविषयी मी थोडे स्पष्ट बोलतो. क्षमायाचना हा त्या अर्जाचा गाभा असू नये. तुम्ही दया मागत आहात असे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला वाटले, तर नाकारण्यासाठी त्याला दोन ओळी पुरतात. निर्णय घेताना कोणत्या गोष्टींचा विचार व्हायला हवा होता आणि तो झाला नाही, हे तुम्ही दाखवले, तर त्याला त्या मुद्द्याचे उत्तर द्यावे लागते.

उत्तर : मूळचा सोलापूरचा, आता अमेरिकेत

येथे सेवामुक्तीचा दर्जा उंचावण्यासाठी वेगळी मंडळे आहेत. सन्माननीय, सर्वसाधारण, ‘सन्माननीयेतर’ असे सेवामुक्तीचे दर्जे असतात, आणि पंधरा वर्षांच्या आत अर्ज केल्यास डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड तो दर्जा बदलू शकते. जनरल कोर्ट मार्शलच्या शिक्षेने झालेली सेवामुक्ती मात्र त्या मंडळाच्या कक्षेबाहेर आहे. गैरवर्तनामागे युद्धामुळे झालेला मानसिक आघात होता का, याकडे सहानुभूतीने पाहण्याच्या सूचना संरक्षण खात्याने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये दिल्या. भारतात असे मंडळ आहे का? आणि ताईंच्या वडिलांच्या मद्यपानाच्या नोंदीमागे तसे काही असू शकेल का?

उत्तर : ॲडव्होकेट, पुणे

भारतात तसे स्वतंत्र मंडळ नाही, आणि आपल्याकडे सेवामुक्तीला दर्जाही दिला जात नाही. डिस्चार्ज बुकात चारित्र्याचा शेरा असतो, तो वेगळा. त्यामुळे इंटरनेटवरचे अमेरिकन अर्जांचे नमुने येथे कोणी वापरू नयेत. दुसरा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. त्या काळात वडिलांवर लष्करी रुग्णालयात मानसिक आजाराचे किंवा व्यसनाचे उपचार झाले असतील, किंवा त्यांना खालच्या वैद्यकीय श्रेणीत ठेवले असेल, तर त्यांना शिस्तीच्या वाटेने बाहेर न काढता वैद्यकीय मंडळापुढे न्यायला हवे होते, असा मुद्दा मांडता येईल. धरमवीर सिंग या २०१३ च्या निकालाप्रमाणे भरतीच्या वेळी नोंद नसलेला आणि पुढे सेवेत उद्भवलेला आजार सेवेशी निगडित असल्याचे गृहीत धरले जाते, आणि तो तसा नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर असते. कागद नसतील तर हा मुद्दा घेऊ नका. केवळ अंदाजावर वडिलांना मानसिक रुग्ण ठरवणारा अर्ज त्यांचेच नुकसान करील.

उत्तर : निवृत्त सुभेदार, बार्शी

मी अर्जाच्या पलीकडच्या टेबलावर बसलेलो आहे. अशा जवानांचे कागद माझ्या हातून कमांडिंग ऑफिसरकडे गेले आहेत, म्हणून ती बाजूही येथे यावी असे वाटते.

एक जवान रजेवरून वीस दिवस उशिरा येतो तेव्हा त्याच्या जागी दुसऱ्याची रजा थांबते. ज्याची थांबते त्याच्याही घरी लग्न असते, आई आजारी असते, पेरणी अडलेली असते. ड्युटी रोस्टरवर एक नाव कमी झाले की उरलेल्यांच्या पहाऱ्याचे तास वाढतात, आणि उंचावरच्या चौकीत ते अंगावर येते. त्यामुळे युनिट गैरहजेरीकडे कठोरपणे पाहते, यात अन्याय नाही. ताईंनी अर्जात ‘क्षुल्लक कारणावरून काढले’ असे शब्द घातले असतील तर ते आजच काढून टाकावेत. वाचणारा अधिकारी सैनिक असतो आणि ते वाक्य वाचल्यावर तो पुढचे मनापासून वाचणार नाही.

हे सांगितल्यावर दुसरी गोष्टही तितक्याच ठामपणे सांगतो. तेरा वर्षे झालेला जवान आणि दोन वर्षे झालेला जवान यांना एकच माप लावता येत नाही. रजेच्या उशिराचे कारण प्रत्येक वेळी मांडले जाते, पण शिक्षेच्या कागदावर ते क्वचितच उतरते. त्या कागदावर फक्त किती दिवस उशीर झाला आणि काय शिक्षा दिली एवढेच राहते. सुनावणीच्या वेळी खोलीत असलेल्यांना जे माहीत असते, ते पाच वर्षांनी ब्रिगेडमध्ये फाइल वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. त्याला फक्त चार लाल ओळी दिसतात. मी पाहिलेल्या प्रकरणांपैकी ज्यांत कमांडिंग ऑफिसरने शिफारशीबरोबर जवानाच्या सेवेचे दोन परिच्छेद स्वतः लिहिले, त्यांत वरूनही वेगळा विचार झाल्याचे मला आठवते. म्हणून ताई, त्या वेळचे प्लाटूनमधले कोणी, जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) असतील, सोबतचे जवान असतील, ते हयात आणि संपर्कात असतील, तर त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र घ्या. ‘हा माणूस चांगला होता’ एवढे पुरणार नाही. ‘अमुक साली अमुक ठिकाणी आम्ही एकत्र होतो, त्याने हे काम केले, त्याच्या घरून तार आल्याचे मला माहीत आहे’ असे नेमके लिहून घ्या.

माजी सैनिकाच्या व्याख्येविषयीही एक गोष्ट. पेन्शन नसलेला जवान मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटीसह बाहेर पडला असेल तर तो व्याख्येत बसतो, परंतु गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता यावरून सेवामुक्त झालेला बसत नाही. त्या कर्मचाऱ्याने बहुधा नियमच वाचून दाखवला असावा. तो दरवाजा उघडायचा असेल तर मूळ आदेशालाच हात घालावा लागेल. त्याला दुसरी वाट नाही.

पुढील टिप्पणी : सोलापूरची लेक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि स्पष्टपणे लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सुभेदार काकांचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. रजा थांबलेल्या दुसऱ्या जवानाचा उल्लेख आला तेव्हा ते म्हणाले, ‘बरोबर आहे त्यांचं.’ त्यानंतर त्यांनी स्वतःहून कपाटातले पुस्तक काढले.

पुस्तकाच्या मागच्या बाजूस एका प्लास्टिकच्या पिशवीत काही कागद निघाले. त्यांत २००३ सालची तारेची पावती आहे. शाई फिकट झाली असली तरी सोलापूर मुख्य टपाल कार्यालयाचा शिक्का आणि तारीख वाचता येते, आणि ती तारीख रजा संपण्याच्या आधीची आहे. आजोबांचे सिव्हिल हॉस्पिटलचे डिस्चार्ज कार्ड आहे. कारणे दाखवा नोटिशीची प्रतही आहे, ती इंग्रजीत आहे. उत्तर त्यांनी हिंदीत, हाताने लिहून दिले होते, असे ते सांगतात, परंतु त्याची प्रत त्यांच्याकडे नाही. त्यात आजोबांविषयी लिहिले होते का, असे विचारले तर ते ‘लिहिलं होतं’ म्हणतात. ग्रॅच्युइटी त्यांना मिळाली होती. त्यांची जवळपास अडीच वर्षे काश्मीरमध्ये आणि त्याखेरीज एक कार्यकाळ ईशान्येकडे गेला. मद्यपानाची नोंद काश्मीरहून परत आल्यानंतरची आहे. उपचार झाले नव्हते, असे ते म्हणतात.

उशिराचे कारण काय लिहावे, हे मात्र मला समजत नाही. खरे कारण एवढेच आहे की अशी दाद मागता येते हे आम्हांला ठाऊकच नव्हते.

उत्तर : ॲडव्होकेट, पुणे

तारेची पावती मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. ती लॅमिनेट करू नका. आजच तिचा स्पष्ट फोटो काढून ठेवा आणि मूळ पावती कागदी पाकिटात, उजेडापासून दूर ठेवा.

उशिराविषयी खरे तेच लिहा. केवळ ‘कायद्याची माहिती नव्हती’ हे कारण सहसा पुरेसे मानले जात नाही, त्यामुळे त्याच्या जोडीला घडलेल्या गोष्टी तारखांसह मांडा : वडिलांचे शिक्षण, गावी परतल्यावर कोणते काम केले, घरातील आजारपणे, कोणा अधिकाऱ्याला किंवा संघटनेला कधी भेटले, कोणता अर्ज केला, राखीव जागेचा नकार कधी मिळाला आणि त्यानंतर तुम्ही काय केले. २०१५ च्या दुबे निकालाविषयी त्यांना कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता, हेही लिहा, परंतु नवा निकाल आला म्हणून जुन्या आदेशाला आपोआप मुदत मिळते असा दावा करू नका.

अर्ज लष्करप्रमुखांना उद्देशून, रेकॉर्ड ऑफिसमार्फत पाठवावा. पहिल्या परिच्छेदात सेवेचा काळ, आदेशाची तारीख आणि नियम द्या. त्यानंतर लगेच चार नोंदी एकेक करून घ्या आणि प्रत्येकीखाली तिचे कारण आणि त्या कारणाचा पुरावा लिहा. मद्यपानाची आणि तिसरी नोंद टाळू नका. त्या दोन्हींविषयी वडिलांना जे खरे सांगायचे असेल ते त्यांच्या शब्दांत दोन ओळींत येऊ द्या. क्षमेला जागा असेल तर ती येथे आहे, अर्जाच्या सुरुवातीला नाही. मग काश्मीर आणि ईशान्येतील सेवा, तेरा वर्षांचा काळ, १९८८ च्या पत्रातील सूचना आणि त्यांपैकी कशाचा विचार आदेशात दिसत नाही, हे मांडा. मधला परिच्छेद साधारण असा असू शकेल :

‘दिनांक अमुकच्या कारणे दाखवा नोटिशीला मी लेखी उत्तर दिले होते. त्यात माझ्या वडिलांचा आजार आणि रजा संपण्यापूर्वी पाठवलेली तार यांचा उल्लेख केला होता. तारेची पावती सोबत जोडली आहे. माझ्या सेवामुक्तीच्या आदेशात या उत्तराचा कोणताही विचार झाल्याचे दिसत नाही. माझी १३ वर्षे ३ महिन्यांची सेवा आणि त्यांतील खडतर ठिकाणच्या नेमणुका यांचाही उल्लेख नाही. सदर आदेश दिनांक २८ डिसेंबर १९८८ च्या पत्रातील सूचनांशी सुसंगत आहे किंवा कसे, याचे पुनर्विलोकन करून तो रद्द करावा आणि पेन्शनसाठी आवश्यक सेवा पूर्ण झाल्याचे मानून मला सेवा पेन्शन मंजूर करावे, अशी विनंती आहे.’

हा परिच्छेद आत्ता पाठवू नका. उत्तराची प्रत रेकॉर्ड ऑफिसकडून हातात आल्यावर, त्यात खरोखर काय लिहिले आहे ते वाचूनच तो पक्का करा. आठवणीवर विसंबून लिहिलेले एखादे वाक्य मूळ कागदाशी विसंगत निघाले, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे ठराविक उत्पन्नमर्यादेत मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एकदा कागद दाखवून या. अर्ज योग्य पत्त्यावर, योग्य जोडपत्रांसह जाईल, एवढी मदत तेथे नक्की होऊ शकते.

उत्तर : माजी हवालदार (लिपिक), पंढरपूर

माहिती अधिकाराच्या अर्जात आता एक ओळ वाढवा, ताई : ‘कारणे दाखवा नोटिशीला मी हिंदीत, हस्ताक्षरात दिलेल्या उत्तराची प्रत आणि ते उत्तर ज्या पत्रासोबत ब्रिगेड मुख्यालयाकडे पाठवले गेले त्या पत्राची प्रत.’ ते सोबतचे पत्र फार उपयोगी ठरेल, कारण त्यावरील जोडपत्रांच्या यादीत उत्तराचा उल्लेख नसेल तर ते वरपर्यंत पोहोचलेच नव्हते, असे म्हणण्यास जागा मिळते. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्याच प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता नव्या फाइलीत लावा. वडिलांचा आर्मी नंबर, हुद्दा आणि नाव प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहायला विसरू नका. रेकॉर्ड ऑफिसात पाने सुटी झाली की नंबराशिवाय ती कोणाची आहेत हे सांगता येत नाही.